सोसणे आणि सोडवणे

'वेदना' हा शब्द ज्या धातूपासून झाला, त्याच धातूपासून 'वेद' हा शब्द झाला आहे. विद् म्हणजे जाणणे. ज्ञानाचे नाव आणि दुखण्याचे नाव आपल्या पूर्वजांनी एकाच मुळापासून घडवावे, यात केवळ योगायोग नसावा. पायात काटा मोडेपर्यंत पाय आपल्या ध्यानीमनी नसतो; काटा मोडला की पाय आहे, तो आपला आहे आणि त्याला काही झाले आहे, हे तिन्ही एका क्षणात कळते. दुखणे हे देहाने देहधाऱ्यास दिलेले ज्ञानच होय.

परंतु जी वेदना काहीच नवे कळवीत नाही, जे कळवायचे ते कळवून झाल्यावरही जी थांबत नाही, ती वेदना या नावाला कितपत पात्र आहे? कर्करोगाने ग्रासलेल्या माणसाला रोगाच्या पुढच्या टप्प्यात जे भोगावे लागते, तेही आपण 'दुखणे'च म्हणतो. शब्द एक असल्यामुळे नीतीही एकच लावतो. लहानपणापासून कानी पडलेले 'थोडे सोसावे' हे वाक्य आपण त्या खाटेपाशीही उच्चारतो. ते तेथे उच्चारण्याचा आपणांस अधिकार आहे काय, एवढाच प्रश्न या लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम नेहमीच्या दुखण्याचे स्वरूप पाहू. काजूच्या दिवसांत पेडण्याच्या डोंगरउतारावर दिवसभर वाकून बोंडे वेचणाऱ्या बाईची कंबर सायंकाळी दुखते. माडावरून उतरताना पाडेल्याचा घोटा मुरगळतो. डिचोलीच्या बाजारात ओझी उचलणाऱ्याचा खांदा भरून येतो. या प्रत्येक दुखण्याला एक ठिकाण आहे, एक कारण आहे आणि एक शेवट आहे. आपली भाषाही हे जाणते. आपण मराठीत 'माझा पाय दुखतो' म्हणतो, पेडण्याच्या बोलीत 'माजो पाय दुखता' म्हणतो. दोन्हीकडे कर्ता पाय आहे. मी बाजूला उभा राहून त्या पायाची तक्रार ऐकणारा. दुखणारा अवयव आणि ते जाणणारा मी, यांच्यामध्ये थोडे अंतर शिल्लक राहते, आणि त्या अंतरातच धीर धरावयास जागा मिळते. प्रसूतीच्या वेणा याहून कितीतरी तीव्र. परंतु त्यांनाही शेवट आहे, आणि त्या शेवटी मूल आहे. सोसण्याची आपली सारी शिकवण अशा दुखण्यांच्या अनुभवातून उगवली आहे, आणि त्यांच्यापुरती ती खरी आहे.

आपल्या गावांच्या सीमेवर राखणदाराचे स्थान असते. रात्री तो काठी टेकीत गावाभोवती फिरतो, चोराची वा संकटाची चाहूल देतो, अशी आपली श्रद्धा आहे. नेहमीचे दुखणे हा देहाचा राखणदार होय. तो हाक देतो ती आपल्या भल्यासाठी. ती ऐकावी, कारण शोधावे, आणि धोका टळला की तोही शांत होतो. ज्यांना जन्मतः दुखणे जाणवतच नाही अशी माणसे क्वचित आढळतात. त्यांचे जीवन सुखाचे असेल असे आपणांस वाटेल. परंतु भाजले, कापले, हाड मोडले तरी त्यांना कळत नाही, आणि देह झिजत जातो. म्हणून दुखणे हा शाप नव्हे. ते जपणुकीचे साधन आहे, आणि त्याचा सरसकट द्वेष करणे हे अज्ञान ठरेल.

आता कर्करोगाकडे वळू. येथे पहिलीच गोष्ट उलटी आढळते. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. स्तनात हाताला लागणारी लहानशी गाठ, तोंडातला न भरणारा चट्टा किंवा पांढरा डाग यांपैकी कित्येक गोष्टी मुळीच न दुखता महिनोन् महिने राहतात. न दुखणारी म्हणून माणूस तिकडे दुर्लक्ष करतो. 'दुखत तर नाही' हेच त्याच्या निश्चिंतीचे कारण असते. ज्या वेळी हाक दिली असती तर उपचाराने रोग मुळापासून जाण्याची सर्वांत अधिक शक्यता होती, त्या वेळी हा राखणदार गप्प असतो. पुढे रोग हाडांत, नसांत, अवयवांच्या आवरणांत पसरल्यावर तो ओरडावयास लागतो, आणि मग थांबत नाही. चोर घरात शिरला तेव्हा जो जागा झाला नाही आणि घर लुटले गेल्यावर जो रात्रंदिवस ढोल बडवीत राहिला, त्याला राखणदार कोण म्हणेल? रोगाचे निदान झाले आहे, डॉक्टरांस सर्व ठाऊक आहे, घरच्यांस ठाऊक आहे. त्या वेदनेने आता कोणाला काय सांगावयाचे उरले आहे? मधूनच एखादी नवी वेदना नव्या संकटाची सूचना देते, हे खरे, आणि डॉक्टरांनी तीही तपासावी. परंतु तपासून झाल्यावर, कारण कळून चुकल्यावर, तिच्या पुढील प्रत्येक तासाचा उपयोग शून्य आहे.

दुसरे असे की या वेदनेचे प्रकार अनेक आहेत आणि ते एकाच देहात एकाच वेळी नांदतात. हाडात शिरलेली गाठ हाड पोखरते. ती वेदना खोल, सततची असते आणि कूस बदलताना उसळते. गाठीने नस दाबली वा कुरतडली तर जळल्यासारखे, विजेचा झटका बसल्यासारखे होते, आणि कधी कधी अंगावरच्या सुती वस्त्राचा स्पर्शही सहन होत नाही. पोटातल्या अवयवांची वेदना तर आपला पत्ताच खोटा सांगते. स्वादुपिंडाचा रोग पाठीत दुखतो, यकृताचे आवरण ताणले गेले तर उजवा खांदा दुखतो. शिवाय उपचारांनीही काही वेळा वेदना होतात. काही औषधांनी हातापायांच्या नसांना मुंग्या आणि जळजळ मागे राहते. वेदनेचे संदेश दीर्घकाळ येत राहिले की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू त्यांना सरावत नाही, उलट अधिकाधिक हळवा होतो. थोड्या संदेशाचा मोठा आवाज करू लागतो. 'हळूहळू सवय होईल' हा आपला नेहमीचा दिलासा म्हणूनच येथे खोटा पडतो.

प्रत्येक कर्करोग्याला असे भोगावे लागतेच असे नाही. कित्येकांचा रोग वेळीच सापडतो आणि बरा होतो. कित्येकांना अखेरपर्यंत फारशी वेदना होत नाही. परंतु रोग पसरलेल्या अवस्थेतील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना वेदना असते, आणि त्यातील बऱ्याच जणांना ती तीव्र असते. आपल्या कोणत्याही गावात, कोणत्याही देवस्थानच्या महाजनांच्या घरांत, हा प्रसंग अनोळखी नाही.

तिसरा भेद काळाचा आणि अर्थाचा आहे, आणि तो सर्वांत खोल आहे. दात दुखतो तेव्हा माणूस उद्याचा विचार करतो, कारण उद्या दुखणे कमी असेल. कर्करोगाच्या वेदनेत उद्या अधिक दुखेल अशी भीती असते. रात्री घर निजते, दिवे मालवतात, आणि त्या अंधारात प्रत्येक कळ एक प्रश्न विचारते : रोग वाढला काय? नेहमीची कंबरदुखी म्हणजे कंबरदुखीच. येथे तीच कळ मृत्यूचा निरोप होऊन येते. मुलीचे लग्न राहिले आहे, घरावरचे कर्ज फिटलेले नाही, आपण सर्वांना ओझे झालो आहोत, देवाने आपल्यालाच का निवडले, हे सारे विचार त्या एका कळीत मिसळतात. लंडनमध्ये १९६७ साली मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी या अवस्थेला 'समग्र वेदना' अशा अर्थाचे नाव दिले. त्या प्रथम परिचारिका होत्या, मग समाजसेविका, आणि त्यानंतर वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. त्यामुळे खाटेवरच्या माणसाला त्यांनी तिन्ही बाजूंनी पाहिले होते. देहाची, मनाची, नात्यागोत्याची आणि आत्म्याची अशी चार अंगे त्यांनी या वेदनेत सांगितली. आपणांस हे अगदी नवे वाटू नये. आपल्या सांख्यांनी आपल्या शास्त्राचा आरंभच त्रिविध तापाने केला : देहमनाचा, इतर भूतांपासून होणारा आणि दैवाचा. हे तिन्ही ताप एकाच वेळी एकाच खाटेवर पाहावयाचे असतील तर ते येथे पाहावेत. अशा रुग्णास 'कुठे दुखते?' असे विचारले तर तो कधी कधी 'सगळेच दुखते' म्हणतो. ते उत्तर अचूक आहे. येथे पाय कर्ता राहिलेला नाही. दुखणारा आणि जाणणारा यांच्यामधले अंतर मिटले आहे.

आपल्या समाजाने स्वेच्छेने पत्करलेल्या वेदनेला मोठा मान दिला आहे, आणि तो योग्यच आहे. डिचोली तालुक्यातील शिरगावास श्रीलईराईच्या जत्रेत, वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री, हजारो धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. ते दृश्य ज्याने पाहिले त्याला सोसण्याचे सामर्थ्य म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु त्या अग्नीची घडण नीट पाहावी. धोंड ते व्रत आपण होऊन घेतो. काही दिवस सोवळे पाळून, स्नान करून, हाती वेताची काठी घेऊन तो सिद्ध होतो. पुढेमागे त्याचेच सोबती असतात, देवीचा जयघोष असतो. निखाऱ्यांची वाट काही पावलांची असते आणि पलीकडे थंड जमीन असते. पुढच्या वर्षी व्रत घ्यावे की न घ्यावे हेही त्याच्याच मनाचे. निवड, तयारी, सोबत, अर्थ आणि शेवट या पाच गोष्टींनी त्या निखाऱ्यांचे तप होते.

कर्करोगाच्या रुग्णापाशी या पाचांपैकी काय असते? त्याने निखारे मागितले नव्हते. तयारीस वेळ मिळाला नाही. सोबत दिवसेंदिवस विरळ होत जाते, कारण आम्ही त्या रोगाचे नावही उच्चारीत नाही. 'तो रोग', 'मोठे दुखणे' असे म्हणतो, आणि 'त्यांना सांगू नका' अशी एकमेकांना ताकीद देतो. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही त्याविषयी रुग्णाने कोणाशी बोलावे? अर्थ त्याला सापडत नाही. आणि पलीकडची थंड जमीन त्याला दिसत नाही. अशा माणसास धोंडाचे उदाहरण देणे म्हणजे ज्याला पाण्यात ढकलून दिले आहे त्याला पोहणाऱ्याचे कौतुक ऐकवणे होय.

आपण हे कौतुक फार सहज करतो. 'बाई किती सोशिक, तोंडातून एक शब्द नाही.' ही स्तुती ज्या बाईच्या वाट्यास येते तिच्यावर त्या क्षणापासून एक नवे बंधन पडते. आता कण्हले तर मान जाईल. डॉक्टरांनी विचारले तरी ती 'बरे आहे' म्हणते, घरचे तेच खरे मानतात, आणि जे औषध मिळाले असते ते मिळत नाही. दुसऱ्याची वेदना डोळ्यांना दिसत नाही. ती सांगितली तरच कळते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवरील नव्या पुलाच्या उद्घाटनप्रसंगी नाकात नळी असलेल्या स्थितीत सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी १७ मार्च रोजी ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तले. लोकांनी त्यांचा निर्धार पाहिला. त्यांच्या देहाने त्या काळात काय भोगले हे पाहणाऱ्यांपैकी कोणीही सांगू शकणार नाही. आणि त्यांनी जे केले ते प्रत्येक रुग्णाने करावे असा नियमही त्यातून निघत नाही. ज्याचे बोलणे आपण स्तुतीने बंद करतो, त्याच्या वेदनेचे काही अंशी कारण आपणच होतो.

येथे कोणी शास्त्राचा आधार पुढे करील. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण व सुखदुःख सहन करण्याचा उपदेश आहेच. परंतु भगवंतांनी त्या उपदेशाला कारण जोडले आहे, ते लक्षात घ्यावे. ही द्वंद्वे येतात आणि जातात, म्हणून ती सोसावी, असा तो युक्तिवाद आहे. ज्ञानी म्हणेल, देह स्वतःच जाणारा आहे, मग देहाची कोणती वेदना कायमची? ते सत्य आहे. परंतु ते सत्य धारण करावयास मनाला थोडी मोकळी जागा लागते, आणि नेमकी तीच जागा या वेदनेने व्यापलेली असते. ज्याला नामस्मरण करावयाचे आहे त्याच्या मुखात नामाऐवजी कण्हणे येते. विवेकाने वेदना जिंकावी हे ठीक. परंतु वेदना विवेकालाच गिळून बसली असेल तर प्रथम विवेकाची सुटका करावी लागेल. त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ आग्रहाने देहाला पीडा देणाऱ्या तपास तामस ठरविले आहे, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. 'भोग आहे, तो भोगूनच संपवावयाचा; औषधाने लांबविला तर पुढच्या जन्मी भोगावा लागेल,' असे अगदी सज्जन माणसेही बोलतात. पण हेच सज्जन ताप आला तर काढा घेतात, मोडलेले हाड बसवून घेतात, डोळ्यांतील मोतीबिंदू काढवून घेतात. तेव्हा प्रारब्धात ढवळाढवळ होत नाही आणि मरणाऱ्याची वेदना शमविताना मात्र होते, हे कसे? रोग प्रारब्धाने आला असेल, तर औषध जाणणारा डॉक्टर आणि ते आणून देणारा मुलगा हेही त्याच प्रारब्धाने आले असले पाहिजेत. खरी गोष्ट अशी की कर्मसिद्धांत ज्याने त्याने आपल्यापुरता वापरावयाचा आहे. 'हे माझ्या कर्माचे फळ' असे रुग्ण स्वतः म्हणाला, आणि त्यात त्याला शांती लाभली, तर तो त्याचा विवेक. 'हे तुझ्या कर्माचे फळ' असे दुसऱ्याने म्हटले की त्याच वाक्याचा निर्दय न्यायनिवाडा होतो. कौल लावून कोणाचा दोष, कोणते पाप, हे विचारावयास निघालेल्या कुटुंबाने हा भेद मनाशी ठेवावा. देवाला विचारावयाचे असेल तर 'आम्ही याची सेवा कशी करावी' असे विचारावे.

तिसरा आक्षेप संतांच्या उदाहरणाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. श्रीरामकृष्ण परमहंस १६ ऑगस्ट १८८६ रोजी घशाच्या कर्करोगाने काशीपूर येथे समाधिस्थ झाले. श्रीरमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ उठली, आणि १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. आपल्या अगदी शेजारचे, मूळचे मालवण तालुक्यातील कांदळगावचे, मुंबईस खेतवाडीत राहून विडीचे दुकान चालविणारे मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच श्रीनिसर्गदत्त महाराज, ८ सप्टेंबर १९८१ रोजी घशाच्या कर्करोगानेच गेले. आजारातही जिज्ञासूंशी त्यांची संभाषणे चालू होती. या महापुरुषांनी वेदना नाकारली नाही. दुखणारा देह आणि जाणणारा मी यांतले जे अंतर सामान्य रुग्णाचे मिटून जाते, ते त्यांचे अखेरपर्यंत टिकले, असे त्यांच्या भक्तांस वाटले. ही जन्मभराच्या साधनेची कमाई होती. परंतु यावरून संतांनी औषध वर्ज्य मानले असे म्हणणे खरे नाही. रामकृष्णांवर डॉ. महेंद्रलाल सरकार उपचार करीत होते आणि ते औषध घेत होते. रमण महर्षींवर १९४९ या एका वर्षात चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या. हात कापण्यास मात्र त्यांनी संमती दिली नाही. कोणता उपचार घ्यावा व कोणता नको हे त्यांनी स्वतःपुरते ठरविले, आणि दुसऱ्याने वेदना सोसावी असा दंडक घातला नाही. संतांची स्थिती हे आपले ध्येय असू शकते. शेजारच्या खाटेवरील माणसाची ती परीक्षा होऊ शकत नाही.

मग करावयाचे काय? सुदैवाने येथे केवळ उपदेशावर थांबावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत घालून दिली : प्रथम पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, त्यांनी भागले नाही तर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे, आणि त्यानेही न भागल्यास मॉर्फिन. शक्यतो तोंडाने द्यावे, पायरीपायरीने वाढवावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, हे तिचे सूत्र. नसांच्या वेदनेसाठी निराळी औषधे असतात. हाडांतील वेदनेवर किरणोपचाराच्या एका मात्रेनेही अनेकांना आराम पडतो. या साऱ्यांनी बहुसंख्य रुग्णांची वेदना सुसह्य करता येते.

यातील 'घड्याळाप्रमाणे' हा शब्द विशेष महत्त्वाचा. नेहमीच्या दुखण्यात आपण दुखले की गोळी घेतो, आणि ते बरोबर आहे. येथे तसे केल्यास प्रत्येक वेळी वेदनेला शिखर गाठू द्यावे लागते आणि मग तिच्यामागे धावावे लागते. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून तो ओसरण्यापूर्वीच पुढची मात्रा द्यावयाची. देवळाशी नाते असलेल्या आपणांस हे समजावयास अवघड नाही. देवाला भूक लागली असे पाहून आपण नैवेद्य दाखवीत नाही; वेळ झाली म्हणून दाखवितो. या सेवेतही तीच नित्यता हवी.

मॉर्फिन म्हटले की अफू, आणि अफू म्हटले की व्यसन, ही भीती घराघरांत आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेसाठी हे औषध घेणाऱ्यांत व्यसन लागणे क्वचित घडते, आणि योग्य मात्रेने मृत्यू लवकर येत नाही. बद्धकोष्ठ होते, म्हणून त्याचे औषध सोबत द्यावेच लागते; पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी असते. ही भीती कायद्यातही शिरली होती. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि जगाच्या औषधासाठी बाहेर जाते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले गेले की कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशाच्या शेतात वेदनेचे औषध उगवते, त्याच देशातील रुग्ण त्यावाचून तळमळत राहिले. संसदेने २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी केली. व्यसनाला आळा घालणे हे योग्यच. परंतु एका पापाच्या भीतीने दुसरे पाप घडू देणे हा न्याय नव्हे.

गुंगीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. एखादा म्हणेल, मला थोडे दुखले तरी चालेल, पण अखेरचे दिवस शुद्धीत जावेत, मुखी नाम असावे. त्याला तसा अधिकार आहे. येथे धोंडाचे उदाहरण पुन्हा लागू पडते, परंतु उलट दिशेने : ज्याने निवडले त्याचेच ते व्रत. रुग्णाने स्वतः समजून उमजून जितके सोसणे पत्करले तितके पवित्र आहे. आम्ही त्याच्यावर लादलेले सोसणे पवित्र नाही. आणि निवड खरी व्हावयाची असेल तर दुसरा मार्ग प्रत्यक्ष हाताशी असला पाहिजे. ज्याच्या उशाशी औषधच नाही, त्याच्या सोसण्याला निर्धार म्हणता येत नाही.

देवस्थानाभोवती बांधलेल्या आपल्या समाजाला येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईस १९८६ साली 'शांती अवेदना' नावाची संस्था निघाली. अशा रुग्णांसाठी निघालेली ती भारतातील पहिली संस्था मानली जाते, आणि तिची शाखा आपल्या गोव्यात लोटली येथेही झाली. 'अवेदना' हे नावच मननीय आहे. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या कामातून पुढे गावोगावचे साधे शेजारी तयार झाले. ते आठवड्यातून काही वेळ काढून रुग्णाच्या घरी जातात, जखमा धुतात, नुसते बसून ऐकतात. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या वा नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराच्या उत्सवासाठी आपण महिनाभर आधी कामे वाटून घेतो. पालखी कोणी धरावी, पंगत कोणी वाढावी, हे ठरलेले असते. त्याच शिस्तीने गावातल्या एका रुग्णासाठी बांबोळीच्या वा मुंबईच्या रुग्णालयात कोणी सोबत जावे, औषधाची वेळ कोणी सांभाळावी, रात्र कोणी जागवावी, हे ठरविता येणार नाही काय? कोकणी असो वा मराठी, आपण देवापुढे गाऱ्हाणे घालतो तेव्हा ऐकणारा आहे हा विश्वास असतो. रुग्णालाही आपले गाऱ्हाणे ऐकणारा कोणी हवा असतो. 'दुखते काय, किती दुखते, रात्री झोप लागली काय' हे तीन प्रश्न विचारून, मिळालेले उत्तर खरे मानणारा माणूस खाटेपाशी असणे, यातच अर्धा उपचार आहे.

नेहमीचे दुखणे आणि कर्करोगाचे दुखणे यांत कमीअधिकपणाचा भेद आहे, असे आपण समजतो. वास्तविक तो धर्माचा भेद आहे. पहिले दुखणे आपल्याला काही सांगावयास येते. त्याचे ऐकावे, आणि ते जाईपर्यंत धीर धरावा, हा तेथला धर्म. दुसऱ्यापाशी सांगावयाचे काही उरलेले नसते. तेथे धर्म सोडविण्याचा आहे. सोसणे हा सद्गुण खरा, परंतु तो सोसणाऱ्याचा. पाहणाऱ्याच्या वाट्यास निराळा सद्गुण आहे, त्याचे नाव दया. आपण पाहणारे असताना सोसण्याचा उपदेश करतो, तेव्हा दुसऱ्याच्या सद्गुणावर आपले कर्तव्य टाळीत असतो. वेदना शमलेला माणूस पुन्हा मुलांशी दोन शब्द बोलतो, राहिलेला निरोप सांगतो, ज्याचे मन दुखविले त्याची क्षमा मागतो, देवाचे नाव आपल्या आवाजात घेतो. त्याचे मरण चुकत नाही. पण ते मरण त्याचे स्वतःचे असते.